उल्हासच्या खाडीतील हिवाळी मासेमारी

राजमाचीच्या डोंगराळ मुलुखात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत-बदलापुरावरून कल्याणास पोहोचते, आणि तेथून पुढे वसईच्या मुखापर्यंत तिच्यावर अंमल चालतो तो समुद्राचाच. तिचा एक चिंचोळा फाटा ठाण्यापाशी वळून ठाण्याच्या खाडीस मिळतो. १८५४ साली लोहमार्ग या पाण्यावरून कल्याणास गेला, तेव्हापासून वरच्या पुलावर मिनिटांचा हिशेब चालत आला आहे. खाली होडीत बसलेल्या कोळी-आगरी माणसाचा हिशेब मात्र आजही तिथीचा आहे. शहराने खाडीचे काठ घेतले, पाणी नासवले, परंतु तिचे वेळापत्रक त्याला बदलता आले नाही.

या हिशेबाची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ अदमासे हाती येते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. कल्याणच्या बाजूस पाणी चढण्यास अर्थातच अधिक वेळ लागतो, तो ज्याचा त्याने अनुभवाने मिळवावयाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येणारे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतील अंतर ज्यास कळले, त्यास जाळे कोणत्या दिवशी टाकावे आणि कोणत्या दिवशी घरी बसून विणावे हे निराळे सांगावे लागत नाही.

कोकणातील थंडी ती काय, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे. परंतु येथे हिवाळ्याचे महत्त्व गारठ्यात नसून पाण्याच्या बदलत्या खारेपणात आहे. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारा गढूळ लोंढा खाऱ्या पाण्यास मुखाकडे रेटून ठेवतो. तो ओसरला, आणि उरलेसुरले गोडे पाणीही शहरांच्या पुरवठ्यासाठी वाटेतच उचलले गेले, म्हणजे खारे पाणी हळूहळू वर सरकू लागते व त्याच्याबरोबर कोळंबी, बोय आणि क्वचित जिताडाही आत शिरतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी संथ असते, आणि होडी हाकारण्यास यापरता अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही.

प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना बांधलेले डोल हे येथील एक जुने जाळे. रुंद तोंडाचे आणि शेपटीकडे निमुळते होत जाणारे हे जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. धावते पाणीच मासा त्यात लोटते, आणि म्हणून उधाणाच्या दिवसांत त्याची खरी कमाई. भरती फिरताना पाणी क्षणभर स्तब्ध होते, तेवढ्यात जाळे उचलून रिकामे करावयाचे व दिशा पालटून पुन्हा सोडावयाचे, हे काम रात्री-अपरात्री करावे लागते. शेपटीची बारीक वीण लहान पिल्लांनाही सोडत नाही, हा त्याचा मोठा दोष, आणि कोळ्यांविषयी कितीही ममत्व असले तरी तो नाकारण्यात अर्थ नाही. एकट्या माणसासाठी पाग आहे. खांद्यावरून भिरकावलेले ते गोल जाळे पाण्यावर पुरते उघडणे ही वर्षांच्या सरावाची गोष्ट. पुलाखाली गळ टाकून गरवणारे हौशीही दिसतात. त्यांची चिकाटी वाखाणण्याजोगी, मिळकत बेताची.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात निराळीच शिकार चालते. निवटी हा मासा असूनही पाण्याबाहेर ओलसर त्वचेतून श्वास घेतो, पुढच्या परांवर सरपटतो आणि चाहूल लागताच बिळात शिरतो. त्यास हाताने धरणारी माणसे मांडीभर चिखलात हात घालून बसलेली आढळतात. बोय तर चिखल गिळूनच जगते, आणि तो दळण्यासाठी निसर्गाने तिला पक्ष्याच्या पेषणीसारखे स्नायुमय जठर दिले आहे.

आणि या चिखलातच सारी आपत्ती साठते. वालधुनीसारख्या उपनद्यांतून येणारे कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी ओहोटीबरोबर समुद्रास मिळते अशी शहराची सोयीस्कर समजूत आहे. प्रत्यक्षात आतल्या खाडीतील घाण झोपाळ्यासारखी मागेपुढे हेलकावत राहते, आणि ओहोटीने नेलेले बरेचसे पुढची भरती परत आणते. पावसाळ्याचा लोंढा नसताना ती पातळही होत नाही. म्हणजे जो ऋतू मासा आत आणतो तोच त्याचा श्वास कोंडतो. तिवरांच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला व २०१८ साली अंतिम निर्णय. ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली तिला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्ष्यांची ही सरबराई योग्यच आहे, पण त्याच पाण्यावर वहिवाट असलेल्या माणसांची दखल इतक्या तत्परतेने घेतली गेल्याचे दिसत नाही.

विक्री अजूनही बहुतेक बायकांच्याच हाती आहे. खाडीची लहान मासळी तराजूवर न चढता वाट्यांनी विकली जाते. गिऱ्हाईक बोय उचलून नाकाशी नेते, कारण रॉकेलचा वास येणारी बोय शिजवल्यावरही तो सोडीत नाही. मग ‘ही वरच्या पाण्याची की खालच्या?’ असा प्रश्न होतो, आणि वसईच्या बाजूची म्हणून सांगितलेल्या मासळीस चार पैसे अधिक मिळतात.