'कौन?' बघताना मी काय गृहीत धरलं होतं



पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे: गृहीतक आणि परिकल्पना यांत फरक काय? उत्तर बहुतेकांचं पाठ असतं. परिकल्पना आपण तपासतो, गृहीतक तपासल्याशिवाय मान्य करतो. माझंही पाठ होतं. पण ते डोक्यात शिरलं एका हिंदी चित्रपटामुळे, तेही माझे चार महिने वाया गेल्यावर.

चित्रपट म्हणजे राम गोपाल वर्मांचा 'कौन?' (1999). अनुराग कश्यपचं लेखन, जेमतेम दीड तासाची लांबी, एकही गाणं नाही. (पाहिला नसेल तर आधी बघून या, पुढे मी शेवट फोडणार आहे.) पावसाळी दिवस, मोठं घर, आत एकटी मुलगी. टीव्हीवर बातमी येते, शहरात एक खुनी मोकाट आहे. दाराची बेल वाजते. बाहेर समीर पूर्णवले, कुणा मल्होत्राला शोधतोय. नको म्हटलं तरी जात नाही. नंतर स्वतःला इन्स्पेक्टर म्हणवणारा कुरेशी येतो. आता आपण बसतो ठरवत, दोघांतला खुनी कोण?

इथे आपल्याकडे दोन परिकल्पना आहेत आणि आपण त्या अगदी प्रामाणिकपणे तपासतो. समीर जास्त बोलतो, म्हणजे तोच. कुरेशीचं वागणं पोलिसासारखं नाही, म्हणजे तो. प्रत्येक नवा पुरावा याच दोन खणांत टाकतो. शेवटी खुनी ती मुलगीच निघते.

हा खण आपण केलाच नव्हता. का? कारण घाबरलेला माणूस म्हणजे धोक्यात असलेला माणूस, हे आपण धरून चाललो. भीती तिची खरी असेलही, पण बाहेरचा माणूस धोकादायक आहे याचा तो पुरावा नव्हे. शिवाय सगळं दिसतं ते तिच्या बाजूने. त्यात आधीची माहितीही आड येते. वर्षभरही झालं नव्हतं, 'सत्या'त (1998) हेच तिघे होते. मनोज बाजपेयी भिकू म्हात्रे, सुशांत सिंग गुंड पक्या आणि ऊर्मिला मातोंडकर साधी सरळ विद्या. तेव्हाच्या प्रेक्षकाचा संशय आधीच वाटून झाला असणार!

आता माझे चार महिने. माझ्या एन्झाइमची क्रियाशीलता अपेक्षेपेक्षा फारच कमी येत होती, कंट्रोलमध्येसुद्धा. संशयित दोन: फ्रीजरमधला एन्झाइमचा साठा खराब झाला असेल, किंवा सबस्ट्रेट जुना असेल. दोन्ही नवीन मागवले. पैसे गेले, वाट बघण्यात दोन महिने गेले, आकडे तसेच. दरम्यान "विचित्र पण रोचक" निकाल म्हणून परिषदेला गोषवाराही पाठवून बसले होते.

एका ज्युनिअरने सहज म्हणून बफरमध्ये पीएचची पट्टी बुडवली. बाटलीवर मी 7 लिहिलं होतं. पट्टी 6 च्या आसपास दाखवत होती. मीटरचा इलेक्ट्रोड केव्हाच म्हातारा झाला होता, आणि कॅलिब्रेशन "कुणीतरी करतंच" असं मी समजत होते. टेस्ट आणि कंट्रोल दोन्ही त्याच बफरमध्ये, म्हणून कंट्रोल मला वाचवू शकला नाही. मीटरवर संशय आला नाही, कारण बाकी सगळ्यांवर संशय घ्यायला मी त्याच मीटरचा आधार घेत होते. गोषवारा मागे घेतला. गाइडना सांगताना जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर रूममेटबरोबर 'कौन?' पुन्हा पाहिला, आणि ती दाराकडे बघत असताना मी तिच्याकडे बघत होते.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा परिकल्पनांची यादी मार्गदर्शक मागतीलच. गृहीतकांची यादी सहसा कुणी मागत नाही, ती स्वतःच करा. मोजमाप कशाने करताय, नमुने कुणी गोळा केले, प्रश्नावली असेल तर उत्तर देणारा खरं सांगेल हे कशावरून, सगळं लिहा. माझ्या वहीत सध्या अशी 11 गृहीतकं आहेत. तपासून झालीत 4.