पिकअप गाडी एका अंगास का झुकते?

सोनगीरहून मुंबई–आग्रा महामार्गाने धुळ्याच्या बाजारात कांदा व कापूस नेण्याचे जे काम पूर्वी बैलगाडी करी, ते आता बहुतांशी पिकअप गाडीकडे आले आहे. बैलगाडी उलाळ झाली की धुरेवर जड, हे हाकणाऱ्यास तेव्हाच कळे. पिकअपचा तोल मात्र पुष्कळदा डाव्याउजव्या अंगास बिघडतो, आणि तो वेळीच न ओळखल्यास वळणावर भोवतो.

या गाडीच्या मागील भागाचा भार दोन बाजूंच्या पोलादी पाट्यांवर असतो. दोहोंमधील अंतर १०० सेंटीमीटर व भार १,००० किलो धरू. भाराचा मध्य बरोबर मधोमध असेल तर प्रत्येक बाजूस ५०० किलो येतात. तोच मध्य केवळ १० सेंटीमीटर उजवीकडे सरकला, की उजवीकडे ६०० व डावीकडे ४०० होतात. हा झुकाव माल उतरविताच जातो. तो भरणीचा दोष होय.

रिकामी गाडीही झुकत असल्यास मोजणी करावी. सपाट जागी गाडी उभी करून चाकांतील हवा सारखी करावी. प्रथम जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजावे. येथे फरक आढळल्यास दोष टायरचा. नंतर चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंत मोजावे. येथे फरक आढळल्यास पाटे, त्यांचे बुश व शॅकल तपासावेत. बोटभर फरकाने घाबरू नये. ५० लिटर डिझेलाचेच वजन सुमारे ४२ किलो भरते, व टाकी बहुधा एका बाजूस असते.

पुढील एक बाजू खचली तरी मागील भाग तिरपा दिसतो. म्हणून कारागिराकडून गाडीचा पुढील भाग मधोमध जॅकवर उचलवून पाहावा. मागील भाग सरळ झाला, तर दोष पुढचा समजावा. या वेळी गाडीखाली कोणीही जाऊ नये.

शॉकअब्सॉर्बर बदलून झुकाव जाईल, ही समजूत चुकीची आहे. त्याचे काम हेलकावे आवरण्याचे, ओझे पेलण्याचे नव्हे. अतिभाराने व खड्ड्यांनी पाटा थकतो, खचतो अथवा तुटतो. खचलेला पाटा भट्टीत तापवून ठोकून घेऊ नये. विळ्याचे पाणी उतरावे तसे त्या पोलादाचे पाणी उतरते. एकाच बाजूस जादा पाटा घालणे हेही दोष झाकणेच होय. गाडीचा सांगाडा वाकला असेल तर तो तसाच राहतो. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

झुकलेल्या गाडीचा भार वळणावर एकाच अंगास अधिक येतो व ती उलटण्याचा संभव वाढतो. मालावर मजूर बसविण्याची चाल तर सर्वथैव सोडावी. हंगामापूर्वी टेप घेऊन अर्धा तास ही मोजणी करणे प्रत्येक गाडीमालकाच्या हिताचे आहे.