गोव्यातले चर्च पांढरे का? उत्तर धाब्याच्या घरात

जुन्या गोव्याला गेलेला प्रत्येक जण बॉम जिझसच्या लालसर दगडी भिंतींपुढे फोटो काढतो. पण हा 'दगडी लूक' मूळचा नाही. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो खरवडून काढला गेला. तेव्हापासून दगड थेट पाऊस झेलतोय.

मूळ रूप कसे असायचे, हे पाहायचे तर तिसवाडी तालुक्यातल्या तळावलीला जा. गाव लहान, चर्च मात्र अवाढव्य. सांत आना, म्हणजे येशूची आजी, तिच्या नावाचे. पाद्री फ्रान्सिस्को दो रेगो यांनी 1681 मध्ये काम सुरू केले आणि 1695 मध्ये पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्हा यांच्या काळात ते पूर्ण झाले. दर्शनी भाग पाच मजली, दोन बाजूंना चौकोनी मनोरे. शैली युरोपातली बरोक, पण अंगावर शंख-शिंपल्यांची नक्षी. भिंतींच्या पोटात माणूस चालेल एवढी वाट आहे. लोकांनी त्यातून पापनिवेदनाच्या जागेपर्यंत जावे, अशी योजना!

चुना कशासाठी?

आपल्याकडचा काळा पाषाण कडक. हेमाडपंती देवळे गिलाव्याशिवाय शतकानुशतके उभी आहेत. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. धुळे जिल्ह्यात वर्षाला साधारण 500-600 मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात सुमारे 3000. त्यामुळे शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो झिजला की पुन्हा द्यायचा. नरडाणा परिसरात पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकतात, तसेच हे. भिंतीऐवजी थराने झिजायचे.

मग सिमेंट का नको? सिमेंटचा थर घट्ट बसतो, आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. जांभा आतून खराब होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चुन्याच्या थरातून ओल निघून जाते. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत 'मजबूत' या शब्दाला जरा घाबरूनच राहावे.

भर पावसात या भिंती कशा तग धरतात, हे पाहायचे असेल तर 26 जुलैच्या आसपासच्या रविवारी जा. तेव्हा इथे 'तवशांचे फेस्त' भरते. अपत्य हवे असलेली जोडपी सांत आनाला काकडी वाहतात.