वाचनालयाला मदतनीस नेमताना



झरी जामणी तालुक्यातील आपल्या वाचनालयासाठी एक पगारी मदतनीस नेमण्याचे ठरले आहे, एवढेच गेल्या अंकात छापले होते. त्यावर पत्रे आली, फोनही आले. त्यांत दोन प्रश्न वारंवार होते. दोन खोल्यांच्या वाचनालयाला पगारी माणूस कशाला? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात विचारलेला: आपल्या मंडळीत गरजू मुली असताना बाहेरच्यांकडून अर्ज कशासाठी मागवायचे? पगार तुमच्या दानातून जाणार आहे, तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरे नीट दिली पाहिजेत.

आधी काम सांगतो. पुस्तके देणे आणि परत घेणे हा त्यातला लहान भाग. कुलूप काढायचे, झाडायचे, पुसायचे. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक घालायचा, शिक्का मारायचा, लेबल चिकटवायचे, नोंदवहीत चढवायचे. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीची ओल भिंतीत चढते, तेव्हा कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढायची. उघडीप मिळाली की पुस्तके वाऱ्यावर टाकायची. वाळवीची माती दिसते का हे कपाटाच्या तळाशी वाकून दर आठवड्याला पाहायचे. कसर लागलेले पुस्तक लगेच वेगळे काढायचे. वाळवीला रविवार नसतो. ही कामे आजवर मी, बालवाडीच्या ताई आणि सुट्टीत येणारे दोन तरुण मिळून जमेल तशी करत आलो. मी क्षेत्रभेटीला गेलो की दार बंद. आणि दोनदा बंद दार पाहून परत गेलेले मूल तिसऱ्यांदा येत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, ते आजही शिकवले जातात. त्यांपैकी एक वाचकाचा वेळ वाया जाऊ न देण्याविषयी आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ अगदी साधा आहे. पोडावरून अडीच-तीन किलोमीटर चालत आलेल्या मुलीला दार उघडे दिसले पाहिजे. पोड म्हणजे कोलाम बांधवांची वस्ती, हे दूरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

आता माणसाविषयी. आपल्याला पुस्तके दान करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे उपकार आहेतच. एका कुटुंबाने लोखंडी कपाट दिले, एका मंडळीने पंखा. कपाटावर नाव घालता येते, उद्‌घाटन करता येते, फोटो काढता येतो. पगाराचा फोटो निघत नाही. म्हणून कपाटे मिळतात आणि त्यांना उघडणारा हात मिळत नाही. ही तक्रार केवळ आपली नाही, महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांची हीच रड आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. तमिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर घेतला जातो. आपल्या कायद्याने तसा उपकर ठेवला नाही. सरकारी अनुदानाची वाट ठेवली. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. 2022 साली अनुदान साठ टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला, तेव्हा ड वर्गाची वर्षाची रक्कम 30,000 वरून 48,000 रुपये झाली. त्यातला निम्मा वाटा वेतनासाठी. म्हणजे तेव्हा वर्षाला 24,000, महिन्याला 2,000 रुपये. गावातले ग्रंथपाल एवढ्यावर वर्षानुवर्षे दार उघडत आले आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, पण त्यांची ही अवस्था आपण नमुना म्हणून घेऊ नये. आपले वाचनालय सध्या मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे हे अनुदानही आपल्याला येत नाही. पगार पूर्णपणे आपणच उभा करायचा आहे.

किती द्यायचा? समितीत यावर बराच वेळ गेला. एका वडीलधाऱ्या सभासदांनी ‘मानधन’ हा शब्द सुचवला. शब्द गोड आहे, पण आपल्याकडे मजुरीपेक्षा कमी द्यायचे असले की बहुधा तोच वापरतात. सेवा म्हणून ज्याला विनामोबदला यायचे आहे त्याचे स्वागत आहे, आमच्यापैकी काही जण तसे करतातच. पण दुसऱ्याच्या मुलीने रोज चार तास सेवाभावाने द्यावेत हे आपण ठरवणारे कोण? लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मजुराविषयी काय म्हटले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ‘पगार’ हाच शब्द ठेवला. हिशेब असा केला: रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाची मजुरी 312 रुपये होती. आपले काम अर्ध्या दिवसाचे, म्हणजे 156 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 4,056 रुपये. यात वाचता-लिहिता येण्याचे, हिशेब ठेवण्याचे, मुलांशी गोड बोलण्याचे काहीच धरलेले नाही. म्हणून आम्ही 5,000 रुपये ठरवले. फार नाहीत, हे मला कळते. कापूस वेचणीच्या दिवसांत चपळ हाताची बाई किलोवर वेचून अर्ध्या दिवसात याहून अधिक दर पाडू शकते. घरचे म्हणतीलही, ‘पुस्तकं झटकत कशाला बसतेस, वेचायला चल.’ पण वेचणी दोन-तीन महिन्यांची असते. बारा महिने, ठरल्या तारखेला, बँकेच्या खात्यात पैसे जमा होणे ही त्या घरासाठी वेगळी गोष्ट आहे.

हंगामाचा विचार वेळापत्रकातही करावा लागला. वेचणीच्या दिवसांत मुले आईबरोबर शेतात असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जातात, त्यानंतर तेंदूपत्ता. आश्रमशाळेत राहणारी मुले गावी येतात ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात, म्हणजे शाळांची वाचनालये बंद असतात नेमकी तेव्हा. सकाळी अकरा ते पाच ही कचेरीची वेळ इथे निरुपयोगी आहे. दुपारी अडीच ते साडेसहा अशी वेळ ठरली आहे. रविवारी उपासनेनंतर नेहमीच्या वेळेला उघडे, सुट्टी सोमवारी. रविवारी उघडे ठेवण्याबद्दल एक-दोघांनी नाराजी कळवली आहे, तिचा आदर ठेवूनच हे लिहितो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना रविवारच मोकळा मिळतो. आपल्याकडे सर्वांत झिजलेली पुस्तके त्यांचीच आहेत, कथा-कादंबऱ्या बऱ्याच मागे. साडेसहाच्या पुढे मात्र वेळ वाढवायची नाही, कारण मदतनीस मुलगी असली तर तिला अंधारात एकटीने परतावे लागू नये.

पात्रता ठेवली आहे बारावी उत्तीर्ण, वय अठराच्या वर. आणि एक गोष्ट जाहिरातीत ठळक घातली आहे: मराठीबरोबर कोलामी किंवा गोंडी बोलता आली पाहिजे. कित्येकांना ही अट शोभेची वाटली. ती शोभेची नाही. पोडावरचे मूल घरात कोलामी बोलते. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, गोंडी आणि तेलुगूच्या गोतातली. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नाही. पहिलीत बसलेल्या त्या मुलाला मराठी पुस्तक म्हणजे परक्या भाषेतले पुस्तक. एमेनो नावाच्या भाषापंडितांनी कोलामीवर लिहिलेला ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला, जगभरच्या विद्यापीठांत तो असेल. पण पोडातल्या मुलाच्या हाती देण्याजोगी कोलामीतली गोष्टींची पुस्तके आमच्या कपाटात अगदी बोटावर मोजण्याइतकी. अशा वेळी मराठी पुस्तकातले चित्र दाखवून त्याची गोष्ट कोलामीत सांगणारे माणूस लागते. ते मला येत नाही. या भागात माझी पंधरा वर्षे गेली. कोलामीत खुशाली विचारता येते, पाणी मागता येते, गोष्ट सांगता येत नाही. मी असलो की पोडातली मुले अजूनही उंबऱ्याशी थबकतात. त्यांची स्वतःची ताई टेबलाशी बसली असेल तर ती आत येतील.

इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. मंडळीतल्या मुलींनी अर्ज करू नये असे कोणीही म्हटलेले नाही. दोघींचे अर्ज आलेही आहेत. पण मंडळीचे सभासद असणे ही अट नाही आणि त्याला जादा गुणही नाहीत. कारण व्यवहाराचे आहे, तसेच तत्त्वाचेही. या भागात मिशनचे नाव घेतले की काही घरांत पहिली शंका धर्मांतराची येते. नोकरी मिळवण्यासाठी चर्चला यावे लागते, अशी कुजबुज एकदा पसरली की पोडावरची आई मुलाला वाचनालयात पाठवणार नाही, आणि मला तिला दोष देता येणार नाही. उलट बाजूनेही पाहा. पगारासाठी कोणी उपासनेला येऊ लागले, तर ते आपल्याला तरी रुचेल का? म्हणून नेमणूक पत्रात स्पष्ट लिहिले आहे की, कामाचा आणि कर्मचाऱ्याच्या श्रद्धेचा संबंध नाही.

निवडीसाठी चार जणांची समिती आहे: ग्रामपंचायतीच्या एक महिला सदस्य, निवृत्त शिक्षिका, आमच्या पाळकसाहेबांनी सुचवलेले एक सभासद आणि मी. ज्यांचा नातलग अर्जदार असेल त्यांनी त्या दिवशी समितीत बसायचे नाही. जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. तेवढ्याने भागत नाही, कारण फलक वाचायला पोडावरून कोण येतो? म्हणून प्रत्येक पोडाच्या नाईकाला भेटून सांगितले, बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. अर्ज साध्या कागदावर, हाताने लिहिलेला चालतो. जातीचा दाखला, फोटो, झेरॉक्स यांचा ढीग मागितलेला नाही. तालुक्याला जाऊन त्या प्रती काढण्यात एका मुलीचा दिवस आणि मजुरी बुडते.

मुलाखतीवर माझा फार विश्वास नाही. खुर्चीत बसवून ‘तुम्हाला वाचनाची आवड आहे का’ असे विचारले तर ‘आहे’ असेच उत्तर येणार. लाजाळू मुलगी तर खाली मान घालून बसेल आणि बोलका उमेदवार बाजी मारील. म्हणून कामच करायला द्यायचे. वीस मिसळलेली पुस्तके द्यायची आणि कपाटात जागेवर लावायला सांगायचे. पाच पुस्तकांची नोंद वहीत करून घ्यायची. अक्षर वाचता येते का, अंक चुकतो का, एवढे पाहायचे. मग चार-पाच मुलांना समोर बसवून एक पान वाचून दाखवायला सांगायचे, त्यांच्या भाषेत समजावून. शेवटी एक प्रसंग द्यायचा: मुलाने पुस्तक आणले आहे, त्याची तीन पाने फाटलेली आहेत, मूल रडवेले झाले आहे, काय कराल? दंडाची पावती फाडणारा उमेदवार मला नको. पुस्तक फाटल्याचे दुःख न होणाराही नको.

मुलांशी एकट्याने संबंध येणारे काम आहे, त्यामुळे निवड झाल्यावरही दोन गोष्टी राहतात. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची, मग उमेदवार कितीही ओळखीच्या घरातला असो. आणि पोक्सो कायदा, म्हणजे 2012 चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा, समजावून सांगायचा: मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आधी मला किंवा पाळकांना विचारत बसायचे नाही. वाचनालयाचे दार आणि खिडक्या कामाच्या वेळी उघड्या राहतील, हाही लेखी नियम आहे.

पहिले तीन महिने पूर्ण पगारावर उमेदवारीचे. त्यानंतर मदतनिसाला ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला पाठवायचे, फी व एसटीचा खर्च संस्थेचा. हा अभ्यासक्रम जिल्हा पातळीवर चालतो आणि दहावी झालेल्यालाही तो करता येतो. त्यावर एक शंका आली: शिकून ती मोठ्या गावी नोकरीला गेली तर? जाऊ द्या. वणीला किंवा पांढरकवड्याला एखाद्या ग्रंथालयात कोलाम मुलगी टेबलामागे बसलेली दिसली तर आपले पैसे बुडाले असे मी म्हणणार नाही. तिने जाण्यापूर्वी एक महिना सांगावे आणि नव्या माणसाला नोंदवही समजावून द्यावी, एवढेच पत्रात लिहिले आहे.

राहिला पैशाचा भाग. महिन्याला 5,000 म्हणजे वर्षाला 60,000 रुपये. तीन वर्षांचे, म्हणजे 1,80,000 रुपयांचे वचन हाती आल्याशिवाय कोणाला नेमायचे नाही, असा समितीचा निर्णय आहे, कारण सहा महिन्यांनी पैसे संपले म्हणून एखाद्या मुलीला घरी बसवणे हे तिला कधी न नेमण्यापेक्षा वाईट. पंचवीस कुटुंबांनी महिन्याला 200 रुपये दिले तर भागते. हा अंक छपाईला जाईपर्यंत चौदा कुटुंबांनी नाव नोंदवले आहे. एकरकमी देणगी देणाऱ्यांनी ती ‘वाचनालय पगार निधी’ असे स्पष्ट लिहून पाठवावी, म्हणजे ती कपाटाकडे वळणार नाही. पुस्तके पाठवायची असतील तर सध्या मोठ्या अक्षरांची, चित्रांची, आणि पोलीस भरतीची चालू वर्षाची. जुनी मार्गदर्शक पुस्तके कृपया पाठवू नका. त्यांतला अभ्यासक्रम बदललेला असतो आणि मुले तोच पाठ करत बसतात.

आजपर्यंत अकरा अर्ज आले आहेत, त्यांतले चार पोडांवरचे. एक अर्ज वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला आहे. अक्षर इतके सुवाच्य आहे की, नोंदवहीची परीक्षा तिला जड जाईल असे वाटत नाही. बाकीच्या तीन परीक्षा व्हायच्या आहेत.