सांडपाण्याचा उपसा

नागपुरातून निघालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला; आणि वैनगंगा पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या धरणाशी अडते. 22 एप्रिल 1988 रोजी ज्याची पायाभरणी झाली, त्या धरणाच्या जलाशयात नागपूरचा मैलाही येतो, तो असा. भांडेवाडीस शुद्धीकरण केंद्र आहे आणि तेथील शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. परंतु मैला आधी केंद्रापर्यंत पोचला पाहिजे. सखल वस्तीत गटाराचा उतार पुरत नाही. तेथे तो विहिरीत जमवून पंपाने चढवावा लागतो. पंप अपुरा पडला की विहीर भरते व मैला नाल्याची वाट धरतो.

समजा, पाणी 10 मीटर उंच चढवावयाचे आहे. नळातून सेकंदाला 100 लिटर जाताना घर्षणापोटी आणखी 5 मीटर दाब खर्ची पडतो, एकूण 15. आता तसाच दुसरा पंप जोडला तर 200 लिटर मिळतील, असे कोणासही वाटेल. पण घर्षण सुमारे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 5 चे 20 होतात, एकूण 30 मीटर! पंधरा मीटरसाठी घेतलेला पंप एवढा दाब आणणार कोठून? दोघे मिळून कदाचित 140 लिटरवरच थांबतील. म्हणून नळाची आणि पंपाची, अशा दोन्ही वक्ररेषा एकाच कागदावर काढून त्या कोठे छेदतात हे पाहावयाचे. संगणक तरी निराळे काय करतो? हेच गणित तो दिवसाच्या प्रत्येक घटकेसाठी मांडतो, इतकेच. बरे, नळच मोठा घ्यावा, तर वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली जाऊन गाळ तळाशी बसतो.

विहीर केवढी असावी? मोटार तासातून सहापेक्षा अधिक वेळा सुरू होऊ नये, असे धरू. म्हणजे एक फेरा दहा मिनिटांचा. आवक पंपाच्या निम्मी, सेकंदाला 50 लिटर, असते तेव्हा फेरे सर्वांत जास्त होतात. पाच मिनिटांत 15,000 लिटर भरतात, पुढील पाच मिनिटांत तितकेच उपसले जातात. तेव्हा चालू व बंद पातळ्यांमध्ये एवढी जागा हवीच. तिच्याहून फार मोठी विहीर मात्र काटकसर नव्हे. मैला तुंबून कुजतो व दुर्गंधी सुटते.

चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकू नये म्हणून पंपाच्या चक्रातील वाट रुंद ठेवतात. त्यात कार्यक्षमता थोडी घटते, ती सोसावी. राखीव पंप आणि वीज गेल्यास चालणारे जनित्र यांवर मात्र पैसे वाचवू नयेत.