राउटर : संगणकजालाच्या वेशीवरील पहारेकरी

झाशीच्या जुन्या शहरातून लक्ष्मी तालाकडे जाणारी वाट लक्ष्मी दरवाजातून जाते. शहराभोवती पूर्वी तट होता व त्याला ठिकठिकाणी असे दरवाजे होते. तट शत्रूला अडवितो. परंतु तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला व व्यापाराला माणसे जाणारयेणारच, म्हणून दरवाजा ठेवावा लागतो. दरवाजा ठेवला की येणाऱ्यास ओळखणारा पहारेकरीही लागतो. घरातील, शाळेतील वा ग्रंथालयातील संगणक इंटरनेटला जोडणारे राउटर नावाचे यंत्र हे असेच वेशीवरचे ठिकाण होय.

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. आतील संगणकाने कोणाकडे काय मागितले याची नोंद राउटर ठेवतो. त्या मागणीचे उत्तर म्हणून आलेले पुडके तो आत घेतो. न मागता आलेले पुडके सामान्यतः टाकून देतो. या व्यवस्थेस फायरवॉल म्हणतात.

तथापि बिनतारी जोडणीत, म्हणजे वाय-फायमध्ये, आणखी एक अडचण आहे. रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, शेजाऱ्याच्या घरात व रस्त्यावरही पोहोचतात. म्हणून परवलीचा शब्द सांगणाऱ्यासच प्रवेश द्यावयाचा व संदेश सांकेतिक रूपात पाठवावयाचा, अशी योजना केलेली असते. या कामासाठी 1997 साली आलेल्या डब्ल्यूईपी पद्धतीतील गंभीर दोष 2001 पर्यंत उघडकीस आले. पुढे 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 व 2018 मध्ये डब्ल्यूपीए-3 या अधिक भक्कम पद्धती आल्या.

ही काळजी न घेतल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या इंटरनेट-जोडणीपर्यंत पोहोचला. तेथील वाय-फाय असुरक्षित होते व त्याचा वापर परक्याने केला होता. चौकशीला मात्र घरातील रहिवाशाला तोंड द्यावे लागले. बाहेरच्या जगाला संदेशावर राउटरचाच पत्ता दिसतो, त्यामागील माणूस दिसत नाही, हे त्याचे कारण. पुढे 2009 साली केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट-सेवा पुरविणाऱ्यांना सूचना दिल्या.

राउटरला दोन किल्ल्या असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक दरवाजाची, म्हणजे वाय-फायचा परवलीचा शब्द. दुसरी पहारेकऱ्याला हुकूम देण्याची, म्हणजे राउटरची व्यवस्था बदलण्याचा शब्द. पुष्कळ यंत्रांत ही दुसरी किल्ली कारखान्यातून येते तशीच राहते, आणि एका जातीच्या अनेक यंत्रांची किल्ली एकच असते. 2016 साली मिराई नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने कारखान्यातील अशा सुमारे साठ जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या. एवढ्यावर तिने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबर रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने केलेल्या माऱ्यामुळे अमेरिकेत अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. यंत्रांच्या मालकांना बहुधा त्याची वार्ताही नव्हती.

यावरील उपाय अवघड नाहीत. दोन्ही शब्द बदलावेत, ते लांब व परस्परांहून भिन्न असावेत. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 निवडावे. बाहेरून राउटरची व्यवस्था बदलण्याची सोय गरज नसल्यास बंद ठेवावी. राउटर चालविणारी आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी, कारण निर्माते आढळलेले दोष तिच्यातच दुरुस्त करतात. पाहुण्यांसाठी किंवा वाचकांसाठी निराळे जाल ठेवता येते; त्यामुळे ग्रंथालयातील वाचकाला इंटरनेट मिळते, पण कार्यालयाच्या संगणकाकडे जाणारी वाट मिळत नाही. पहारेकरी विकत मिळतो; त्याचा परवलीचा शब्द मात्र मालकानेच ठरवावयाचा असतो.