सरकारी मदतीमुळे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची कुटुंबं मोडली का? ६० वर्षं जुन्या भांडणात तथ्य किती?

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की सोशल मीडियावर दोन आकडे हमखास फिरायला लागतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय समाजात जन्मलेल्या दर १०० बाळांपैकी साधारण २४ बाळांच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. आज तोच आकडा ७० च्या आसपास आहे. मग पोस्ट टाकणारा विचारतो, मधल्या काळात काय घडलं? आणि उत्तरही तोच देतो : वेलफेअर. सरकारने बायकांना पैसे दिले, नवऱ्याची गरज संपली, बाप घराबाहेर गेला.

खाली कमेंटमध्ये दुसरी बाजू तुटून पडते. हा निव्वळ वर्णद्वेष आहे, खरं कारण गुलामगिरी, बेरोजगारी आणि तुरुंग, असं त्यांचं म्हणणं.

आकडे खरे आहेत. भांडण आहे ते कारणावर. आणि ते समजून घ्यायचं तर आधी ही मदत नेमकी कुणाला आणि कुठल्या अटींवर मिळायची, हे बघावं लागतं. पोस्टमध्ये नेमकं तेच नसतं.

सुरुवात झाली ती विधवांसाठी

१९३५ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यात बापाचा आधार तुटलेल्या मुलांसाठी रोख मदतीची तरतूद होती. पुढे ही योजना एएफडीसी या नावाने ओळखली जाऊ लागली. डोळ्यासमोर होती ती नवरा गेलेली, पदरात लहान मुलं असलेली आणि बहुतेक वेळा गोरी बाई.

पैशाचा मोठा वाटा केंद्राचा असला तरी कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायचं राज्यांनी. दक्षिणेकडच्या राज्यांनी या अधिकाराचा पुरेपूर वापर केला. लुईझियानात १९४३ मध्ये नियम आला की कापसाच्या शेतात मजूर हवे असतील, तर काम करू शकणाऱ्या आईला मदत नाही. १९६० मध्ये त्याच राज्याने 'घर योग्य नाही' असा ठपका ठेवून सुमारे २३ हजार मुलांची नावं यादीतून उडवली. त्यातली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. म्हणजे पैसे वाटून कुटुंबं बिघडवली, असा आरोप ज्या काळाबद्दल होतो, त्या काळाच्या उंबरठ्यावर बऱ्याच कृष्णवर्णीय आयांना हे पैसे धड मिळतही नव्हते.

पण टीकाकारांच्या हातात खरोखर मजबूत असा एक मुद्दा आहे. तो म्हणजे 'घरातला पुरुष' हा नियम.

मदत आधार नसलेल्या मुलांसाठी, त्यामुळे घरात धडधाकट पुरुष दिसला की मदत बंद. आता डेट्रॉइटच्या कारखान्यातून कमी केलेला एखादा बाप डोळ्यासमोर आणा. तो घरी राहिला तर पोरांना दमडी मिळणार नाही. तो निघून गेला तर दर महिन्याला चेक येईल. १९६१ मध्ये बेरोजगार बाप असलेल्या कुटुंबालाही मदत देण्याची मुभा मिळाली, पण द्यायची की नाही हे राज्यांवर सोडलं. अनेक राज्यांनी दिलीच नाही. सगळ्या राज्यांवर तसं बंधन घालणारा कायदा यायला १९८८ उजाडलं. बाप घरात असणं हीच ज्या योजनेत अपात्रता होती, तिचा घरावर काहीच परिणाम झाला नसेल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

रविवारी पहाटे दारावर थाप

हा नियम पाळला जातोय का, हे बघायला अधिकारी थेट घरात घुसायचे. जानेवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीने एका रविवारी पहाटे मदत घेणाऱ्या बायकांच्या घरांवर धाडी घातल्या. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात पुरुष लपलाय का, हे शोधायचं काम समाजसेवकांना दिलं होतं. त्यातल्या बेनी पॅरिश नावाच्या अंध समाजसेवकाने या कामाला नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. तो कोर्टात गेला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि अशा धाडी घटनेत बसत नाहीत, असं सांगितलं.

अलाबामा तर आणखी पुढे गेलं. तिथे १९६४ मध्ये 'पर्यायी बाप' नावाचा नियम आला. बाईचे ज्या पुरुषाशी संबंध आहेत, तो तिच्या मुलांचा बाप धरायचा आणि मदत थांबवायची. मग तो त्या घरात राहत असो वा नसो, मुलांवर पैसा खर्च करत असो वा नसो.

सेल्मा शहरातल्या मिसेस स्मिथ या नियमात अडकल्या. चार मुलांची आई. पहाटे साडेतीन ते दुपारी बारा स्वयंपाकीण आणि वेट्रेस म्हणून राबायची आणि आठवड्याला मिळायचे १६ ते २० डॉलर. एक माणूस शनिवार-रविवारी घरी येतो, एवढ्यावरून ऑक्टोबर १९६६ मध्ये तिच्या मुलांची मदत बंद झाली. त्या माणसाला स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती. तो हिच्या मुलांना काय पोसणार?

तिचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून १९६८ मध्ये न्यायालयाने एकमताने अलाबामाचा नियम रद्द केला. तोवर, म्हणजे जानेवारी १९६७ पर्यंतच्या अडीच वर्षांत, तिथल्या यादीतली सुमारे १६ हजार मुलं कमी झाली होती.

ज्यांच्या अहवालावरून रान पेटलं, ते मॉयनिहॅन

या वादाची ठिणगी पडली ती मार्च १९६५ मध्ये. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन हे तेव्हा कामगार खात्यात सहायक मंत्री होते. वय ३८. कृष्णवर्णीय कुटुंबांवर त्यांनी सरकारसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. त्यातला एक आलेख गाजला. आधी बेरोजगारी वाढली की मदत मागणाऱ्यांची संख्या वाढायची आणि ती घटली की हीसुद्धा घटायची. साठचं दशक सुरू झाल्यावर बेरोजगारी कमी होत असतानाही मदत मागणारे वाढू लागले. म्हणजे कुटुंब आतून खचतंय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अहवालाचा रोख होता नोकऱ्यांवर. गुलामगिरी आणि पुरुषांची बेरोजगारी यांनी कुटुंबाचा कणा मोडला, आता सरकारने हात द्यायला हवा, असा. पण भाषा जहाल होती. कृष्णवर्णीय समाजातल्या अवस्थेला त्यांनी एका प्रकरणाच्या मथळ्यात रोगाची उपमा दिली. त्यात ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली आणि बाहेर आलेला अहवाल 'दंगलीचं कारण' म्हणून वाचला गेला. नागरी हक्क चळवळीतले नेते भडकले.

आज आपण कुठल्याही वादात सर्रास वापरतो तो 'व्हिक्टिम ब्लेमिंग' हा शब्द याच भांडणातून लोकांच्या तोंडी बसला. मॉयनिहॅन यांच्यावर टीका करणारे विल्यम रायन यांनी १९७१ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं होतं.

मॉयनिहॅन हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असेल, तर बरोबर आहे. १९७३ ते १९७५ या काळात ते अमेरिकेचे भारतातले राजदूत होते. पीएल-४८० च्या धान्यापोटी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा चेक १९७४ मध्ये भारत सरकारला देणारे ते हेच.

गंमत म्हणजे घर मोडणारा नियम बदलायचा प्रयत्नही त्यांनीच केला. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी त्यांनी नवी योजना पुढे रेटली. तीत आई-बाप दोघं एकत्र राहणाऱ्या, कमावणाऱ्या गरीब कुटुंबालाही पैसे मिळणार होते. सेनेटमध्ये ती अडकली. उजव्यांना ती फार उदार वाटली, डाव्यांना फार कंजूष.

मग पैसे दोषी की नोकऱ्या?

१९८४ मध्ये चार्ल्स मरे यांनी 'लूझिंग ग्राउंड' या पुस्तकात हॅरॉल्ड आणि फिलिस असं काल्पनिक जोडपं उभं केलं. फिलिस गरोदर आहे. १९६० च्या नियमांप्रमाणे लग्न करणं दोघांच्या फायद्याचं, १९७० च्या नियमांप्रमाणे न करणं फायद्याचं. माणसं हिशोब करतात, वाईट नसतात, हा मरे यांचा मुद्दा. तो लोकांना पटकन पटला, कारण त्यात गणित होतं.

पण हे गणित पुढच्या वर्षांना लावलं की अडतं. महागाई धरली तर एएफडीसीच्या चेकची किंमत १९७० च्या दशकापासून घटत गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ४० टक्क्यांहून जास्त उतरली होती. पैसे कमी होत गेले आणि लग्नाशिवायचे जन्म मात्र वाढतच राहिले. शिवाय गोऱ्यांमध्येही हे प्रमाण ३ टक्क्यांवरून २८-२९ टक्क्यांपर्यंत गेलं. तिथे तर सुरुवातच इतकी खालून होती की वाढ पटींमध्ये जास्त आहे.

समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये दुसरं उत्तर दिलं. शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांतले कारखाने बंद झाले, त्यांच्याबरोबर स्थिर पगार गेला. हाताला काम असलेले पुरुषच कमी उरले, तर बायका लग्न कुणाशी करणार? पुढे तुरुंगांनी यात भर घातली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१५ मध्ये हिशोब मांडला होता. २५ ते ५४ वयोगटात तुरुंगाबाहेर असलेल्या दर १०० कृष्णवर्णीय स्त्रियांमागे पुरुष होते फक्त ८३. बाकीचे एकतर गजाआड किंवा अकाली मेलेले.

पलडा विल्सन यांच्या बाजूने झुकतो. तरी मरे यांचा मुद्दा पूर्ण फेकून देता येत नाही. १९७० च्या दशकात सिॲटल आणि डेन्व्हर या शहरांत हजारो कुटुंबांना हमखास उत्पन्न देऊन बघितलं गेलं. पहिल्या विश्लेषणात घर मोडण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. हमखास उत्पन्नाची बाजू घेणारे मॉयनिहॅनही त्यामुळे हादरले. नंतर १९९० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी तपासली आणि असा परिणाम दिसत नाही म्हणाले. आजवरच्या बहुतेक अभ्यासांचा सूर असा की मदतीचा लग्नावर थोडा परिणाम होतो, पण ६० वर्षांतला एवढा मोठा बदल त्याने समजावता येत नाही.

१९९६ : पैसे काढून घेतले तेव्हा

२२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी एएफडीसी गुंडाळणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या योजनेत कामाची सक्ती आली आणि केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात पाच वर्षंच मदत, अशी मर्यादा आली. लग्नाला उत्तेजन देणं हे कायद्याच्या उद्दिष्टांतच लिहिलं होतं. या कायद्याला सेनेटमध्ये कडाडून विरोध करणारे एक सदस्य होते न्यूयॉर्कचे मॉयनिहॅन. हो, तेच. शिक्षा मुलांना होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९९४ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख लोक रोख मदतीवर होते, २००० पर्यंत ते ६० लाखांच्या आसपास आले. मदत हेच कारण असतं, तर इतक्या मोठ्या कपातीनंतर कुटुंबं पुन्हा सावरायला हवी होती. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांमधला तो आकडा ७० च्या आसपासच घुटमळत राहिला. बुश यांच्या काळात लग्न टिकवण्याचे वर्ग घेण्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. आठ ठिकाणी मूल झालेल्या अविवाहित जोडप्यांवर त्याचा अभ्यास झाला. तीन वर्षांनी एकूण फरक जवळपास शून्य.

मात्र लग्न केलं की नुकसान, हा प्रकार अजूनही संपलेला नाही. वृद्ध आणि अपंग गरिबांसाठीच्या एसएसआय योजनेत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपर्यंत बचत चालते. दोघं एकेकटे राहिले तर मिळून ४,००० डॉलर. लग्न केलं तर दोघांची मर्यादा ३,०००. दरमहा मदतही दोघांना मिळून दीडपटच. या मर्यादा १९८९ पासून बदललेल्या नाहीत. बरं, नोंदणी टाळूनही सुटका नाही. एकत्र राहणारे दोघं चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावरतात का, हे अर्जदारांना आजही विचारलं जातं.